धूर वगळलेली आग

केंदूरहून फोन आला तेव्हा सहायक निरीक्षक सर्जेराव गव्हाणे खुर्चीत पाठ टेकून, डोळे मिटून बसले होते. झोपले नव्हते. दिवसभराच्या बंदोबस्ताने अंग आंबून गेलं होतं, आणि आता घरी जाऊन भाकरी खावी एवढीच त्यांची माफक इच्छा होती.

“साहेब, पोपटराव आप्पांची फुलांची शेड पेटलीय,” पलीकडून कुणीतरी ओरडत होतं. “आत माणूस हाय!”

सर्जेराव उठले. भाकरी राहिली.

ते पोचले तेव्हा दिवस मावळला होता आणि पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं. छपराचे पत्रे खाली आले होते. थर्माकोलची खोकी, पुठ्ठे, प्लॅस्टिक, गुलाबाच्या जुड्या, सगळ्याचा मिळून एक काळा चिकट लगदा झाला होता. शेडच्या मधोमध कोल्ड रूम होती. तिच्या भिंती म्हणजे दोन पत्रे आणि मधे पिवळा फोम. तो फोम गेला होता, पत्रे तेवढे वाकडे होऊन उभे होते.

कोल्ड रूमच्या मागच्या अंगाला दगडोबा सापडला. पॅकिंगवरचा मजूर, तिशीतला. अंगावर भाजल्याच्या खुणा फारशा नव्हत्याच. धुरानेच गेला होता.

बांधावर शेडचा राखणदार बिरदेव दोन्ही हात पुढे धरून बसला होता. हातांची कातडी सोलवटली होती. दगडोबाला काढायला तो दोनदा आत शिरला होता म्हणे, आणि दोन्ही वेळा लोकांनी त्याला ओढून बाहेर काढला होता. त्याची बायको कुशाबाई त्याच्या तोंडाला पाण्याचा तांब्या लावत होती आणि तो पीत नव्हता.

शेडला लागून एक पडवी होती. तिथे बिरदेवचा रॉकेलचा स्टोव्ह असे. आता त्याचा चेंदामेंदा झाला होता.

“ह्याच्याच स्टोनं केलं,” गर्दीतून कुणीतरी म्हणालं. अर्ध्या तासात ते सगळ्यांचंच मत झालं.

*

दुसऱ्या दिवशी हाताला पट्ट्या बांधलेला बिरदेव सर्जेरावांसमोर बसला.

“स्टोव्ह बंद केला होतास?”

“केला असंल.”

“असंल म्हंजी?”

“चहा ठिवला हुता साहेब. तेवढ्यात लाईट आली. लाईट आली म्हंजी पळायचं. फुलांना दोन दिस पाणी न्हवतं.”

ते भारनियमनाचे दिवस होते. शेतीची वीज येई तेव्हा येई, आणि ती आली की हातातलं काम टाकून माणसं मोटरीकडे धावत. चुलीवरचं दूध उतू जायचं, पोरं रडत राहायची. यात बिरदेवने जगावेगळं काही केलं नव्हतं.

“मग चहाचं काय केलंस?”

“तेच आठवंना.” त्याने पट्ट्यांकडे पाहिलं. “रोज बंद करतो. त्या रोजी केला का न्हाई, ते डोळ्यांपुढं येईना.”

“लगेच परत का आला नाहीस?”

“मोटर लई गुरगुरत हुती. मधीच दम टाकायची, मधीच जोर धरायची. जळंल म्हणून तिथंच बसलो. शेडवर काळा धूर दिसला तवा पळालो.”

“दगडोबा आत काय करत होता?”

“ताप हुता त्याला. कोल्ड रूमच्या मागं खोक्यांच्या आडोशाला निजला हुता. गोधडी मीच टाकली त्याच्यावर. एका ताटात जेवायचो आमी.”

“त्या दिवशी शेडवर काही वेगळं चाललं होतं?”

“न्हाई. दुसऱ्या दिशी मोठं गिऱ्हाईक यायचं हुतं शेड बघायला, म्हणून झाडलोट. खोकी ठिवायची नवी मांडणी लावायची राहिली हुती, तिचं लोखंडी अँगल दारात पडलं हुतं. मी जाताना अडखळलो बी त्याला.”

सर्जेरावांनी त्याला कोठडीत पाठवलं. माणूस मेला होता, गाव पेटलं होतं, आणि दुसरं नाव कुणाकडे नव्हतं. त्यांना ते आवडलं नाही. पण नोकरीत आवडण्याचा प्रश्न त्यांनी फार वर्षांपूर्वी सोडून दिला होता.

दुपारी ते पुन्हा शेडवर गेले. उजेडात जळकी जागा नीट दिसत होती. पडवीवरच्या पत्र्यांचा निळा रंग बराचसा शाबूत होता. कोल्ड रूमवरचे पत्रे मात्र पांढरे पडून पापडासारखे वळले होते. कोल्ड रूमच्या भिंतीला चिकटून असलेल्या लोखंडी खांबांवर मांडणीचे अँगल ओळीने उभे होते. फळ्या तेवढ्या जळून गेल्या होत्या.

“पडवीचे पत्रे कसे काय वाचले?” त्यांनी विमा कंपनीच्या सर्व्हेअरला विचारलं.

“वारा असेल साहेब.” सर्व्हेअर रुमालाने बूट पुसत म्हणाला. “आम्ही कम्प्युटरवर आग लावून बघतोय. त्यात सगळं कळेल.”

*

कम्प्युटरवरची आग आठवड्याभराने ठाण्यात आली. सर्व्हेअरने लॅपटॉप टेबलावर ठेवला. सर्जेरावांनी बिरदेवलाही बाहेर आणवलं. बघू दे, त्याला काही आठवलं तर आठवलं, असा विचार.

पडद्यावर शेड उभी होती, काचेची असल्यागत आरपार. पडवीत एक केशरी ठिणगी उमटली. ती फुगली, वर चढली, छताला टेकली, पसरत पसरत आत गेली. केशरी, सोनेरी, गाभ्यात पांढरी. सुंदर होती, हे सर्जेरावांना कबूल करावं लागलं. धडधडीत स्टोव्हपासून निघालेली आग.

बिरदेव एकटक बघत होता. त्याचे ओठ हलत होते.

संध्याकाळी त्याने कोठडीच्या गजांमधून हाक मारली.

“साहेब, लिहून घ्या.”

“काय?”

“मीच केलं. स्टो चालूच ऱ्हायला हुता. मला दिसायला लागलंय आता. डोळं मिटलं की तेच दिसतंय, स्टोवरनं वर चढताना.”

सर्जेरावांनी कागद घेतला नाही. का घेतला नाही, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. कुशाबाई रोज सकाळी केंदूरहून यायची आणि ठाण्याच्या कट्ट्यावर बसायची. काही मागायची नाही, रडायची नाही. तिला काय सांगायचं, हा विचार त्यांच्या मनात आला आणि त्यांना आणखी थकल्यासारखं झालं. नवऱ्याने कबुली दिली की निष्काळजीपणाने माणूस मारल्याचा शिक्का त्याच्या कपाळी जन्माचा बसणार होता, आणि राखणदारीचं काम त्याला पुन्हा कुणी देणार नव्हतं.

पोपटराव आप्पा दुसऱ्या दिवशी ठाण्यात आले. फुलशेतीत केस पांढरे झालेला सरळ माणूस. बरोबर भाचा गोकुळ. बहीण गेल्यावर आप्पांनी त्याला लहानाचा मोठा केला होता, आणि शेडचा सगळा कारभार आता त्याच्याच हाती द्यायचं चाललं होतं. आगीच्या वेळी तो शिरूरला होता, असं त्याने पहिल्या दिवशीच सांगितलं होतं.

“पडद्यावरच्या चित्रावर कोर्टात उभं राहता येत नाही,” सर्जेराव म्हणाले. “सुरुवात डोळ्यांनी पाहिलेला माणूस लागतो. नाहीतर बिरदेवला सोडावं लागेल.”

बिरदेवने बोलून दाखवलेली कबुली त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती.

त्याच दिवशी चार वाजता गोकुळ एकटा परत आला. मान खाली, डोळे लाल.

“साहेब, मी खोटं बोललो. मी शिरूरला न्हवतो. मी बघितली आग.”

“मग इतके दिवस गप्प का?”

“लाज वाटली. दगडोबा आत हुता आन् मी पळालो. भ्यालो साहेब. आता बिरदेव सुटणार म्हणालात तवा ऱ्हावलं न्हाई.”

“कुठून बघितलीस?”

“फाट्याकडनं गाडीवर येत हुतो. शेडच्या दारातनं.”

“काय दिसलं?”

“स्टोपासनं वर चढली. कडंनं निळी निळी, मग पिवळी, मधोमध लालभडक. छताला टेकली आन् छत्रीगत पसरली. समदं लख्ख दिसत हुतं.”

सर्जेरावांनी शब्द न् शब्द उतरवून घेतला. आपला भित्रेपणा स्वतःच्या तोंडाने सांगणाऱ्या माणसावर विश्वास बसतो. शिवाय स्टोव्हची ज्योत निळीच असते. सगळं जुळत होतं, आणि आता फाइल बंद करून झोपावं असं त्यांना मनापासून वाटलं.

*

झोप आली नाही, म्हणून ते सकाळी रंगुबाईकडे गेले. शेडच्या शेजारचा मळा तिचा. आग सगळ्यात आधी तिनेच पाहिली होती.

“मावशी, पहिल्यांदा काय दिसलं?”

“धूर. काळाकुट्ट. समद्या दारातनं, फटीतनं लोट येत हुते.”

“आणि जाळ?”

“जाळ कुठला? पत्रं पडलं तवा दिसला जाळ. त्येच्या आदी आत काय हाय, कायबी दिसंना. बिरदेव आत शिरला तर दोन पावलांत गडप झाला त्यो.”

“त्याच्या आधी काही बघितलंत?”

“काय बघनार? आमची आपली लाईटीची रड. लाईट आली म्हणून पिठाची गिरणी लावली, तर बल्ब नुसता मिचमिच करतोय. मोठा व्हतोय, बारीक व्हतोय. मी म्हटलं, ह्या एमएसईबीवाल्यांना देव कवा सुबुद्धी देणार.”

सर्जेरावांनी मान हलवली आणि चहा घेतला. त्यांच्या डोक्यात धूरच घोळत होता. रंगुबाईला नुसता धूर दिसला, आणि गोकुळला सगळं लख्ख. सुरुवातीला धूर कमी असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. पण त्या चित्रात तर शेवटपर्यंत धूर नव्हता.

ते चित्र बनवणारी मुलगी केडगावची होती. हर्षदा नाव. पुण्याच्या एका कंपनीत कामाला. रोज गाडीने जायची-यायची. तिचा जबाब तसाही घ्यायचाच होता. सर्जेरावांनी न्हावऱ्याच्या रस्त्याने जीप घातली.

हर्षदा सुट्टीच्या दिवशीही कम्प्युटरपुढेच बसली होती. डोळ्यांखाली काळी वर्तुळं. तिचे वडील, आण्णा, बाहेर कांदा निवडत होते. पूर्वी घोंगडं खांद्यावर टाकून मेंढरांमागे रान तुडवलेला माणूस. पोरगी काय करते हे त्यांना धड सांगता येत नव्हतं, पण तिला गार पाणी नेऊन देत होते.

“हे नेमकं काय असतं, ते मला साध्या भाषेत सांगा,” सर्जेराव म्हणाले.

“शेडच्या आतली सगळी हवा मी बारीक चौकोनी तुकड्यांत कापते. प्रत्येक तुकड्यात किती उष्णता, किती धूर, हे कम्प्युटर क्षणाक्षणाला मोजतो. हे झाले नुसते आकडे. डोळ्यांना दिसावेत म्हणून प्रत्येक आकड्याला रंग द्यायचा, आणि तो किती दाट, किती आरपार, तेही ठरवायचं. मग सगळा ढीग आरपार बघितल्यासारखा दिसतो.”

“हे ठरवतं कोण?”

“मीच.”

“मग धूर कुठं गेला?”

ती ओशाळली. “धूर आहे साहेब, आकड्यांत आहे. मी तो पूर्ण आरपार करून ठेवला. दाखवला तर आग दिसतच नाही. आणि कंपनीला आग बघायची होती.”

“आग स्टोव्हपासून लागली, हे कम्प्युटरने सांगितलं?”

“नाही हो! ते मला सर्व्हेअरनं लिहून दिलं. तिथून लागली तर पुढं कशी जाईल, एवढंच मी दाखवलं.”

सर्जेराव भिंतीला टेकले. त्या चित्राने ठाण्यातल्या प्रत्येक माणसाला फसवलं होतं, आणि कोठडीतल्या एकाला सगळ्यांत जास्त. त्यांना राग आला. पोरीचा नव्हे, स्वतःचा.

“धूर दाखवून एकदा बघू द्या.”

तिने त्यासाठी मूळची कच्ची फाइल उघडली. पडद्यावर शेड आली आणि पडवीतून आग निघाली. पण ही केशरी नव्हती. कडेने निळी, मग हिरवट-पिवळी, मधोमध लालभडक.

“थांबा! हे काय आहे?”

“हे सॉफ्टवेअरचे मूळचे रंग. निळं म्हणजे कमी तापलेलं, लाल म्हणजे जास्त. खऱ्या आगीशी त्याचा काही संबंध नाही. पहिला कच्चा व्हिडिओ याच रंगांत होता. तो दौंडला सर्व्हेअरच्या ऑफिसात पाठवला, तर ते म्हणाले, हे आगीसारखं वाटत नाही, केशरी करा. मग दुसरा केला, तो तुम्ही बघितलात.”

“हा कच्चा कुणी कुणी बघितला?”

“दौंडला त्यांनी शेडच्या मालकांना बोलावून दाखवला, एवढं माहीत आहे.”

सर्जेरावांनी वहीत ‘दौंड’ लिहून खाली रेघ ओढली. मग त्यांनी आणखी एकच प्रश्न विचारला.

“या फोमच्या भिंतीला बाहेरून वेल्डिंगची ठिणगी लागली, तर काय होईल?”

“आत धुमसत राहील. बाहेर कळणारही नाही. आणि मग एकदम.” तिने त्यांच्याकडे पाहिलं. “आग तिथून लावून बघू? एक दिवस लागेल.”

“बघा,” सर्जेराव म्हणाले. “या वेळी काहीही लपवू नका.”

*

हर्षदा लॅपटॉप घेऊन ठाण्यात आली, त्या दुपारी सर्जेरावांनी पोपटराव आप्पांना आणि गोकुळला बोलावून घेतलं. बिरदेवला कोपऱ्यात बसवलं. कुशाबाईलाही कट्ट्यावरून आत बोलावलं. ती दाराशीच उभी राहिली.

“गोकुळ, तुझा जबाब वाचून दाखवतो. बरोबर आहे का सांग.” त्यांनी वाचला. “कडेने निळी, मग पिवळी, मधोमध लाल. समदं लख्ख दिसत होतं. बरोबर?”

“व्हय.”

“धूर किती होता?”

“हुता की थोडा.”

“आगीची जी फिल्म केली, ती तू बघितलीस?”

“न्हाई. दौंडला मामा गेले हुते. मी खाली गाडीपाशीच हुतो.”

पोपटराव आप्पांनी भाच्याकडे वळून पाहिलं. “अरे, असं काय करतोस? माझ्या शेजारीच तर बसला हुतास. मला कळंना, तर तूच समजावून सांगत हुतास की, निळं हे, लाल ते.”

आप्पांच्या मनात काही नव्हतं. म्हणूनच ते वाक्य सगळ्यांच्या कानात बसलं. गोकुळ भिंतीकडे बघू लागला.

“आप्पा, तुम्ही बसा,” सर्जेराव थकलेल्या आवाजात म्हणाले. “थर्माकोल आणि फोम जळतो, तेव्हा निघतो तो काळा धूर. रंगुबाईला दार दिसत होतं, दारातलं काही दिसत नव्हतं. बिरदेव दोन पावलांत गडप झाला. आणि ह्याला फाट्यावरून गाडीवर येताना आग छत्रीसारखी पसरताना दिसली. निळ्या कडेची. अशी आग जगात कुठं लागत नाही. ती फक्त या पोरीच्या पहिल्या व्हिडिओत लागली, आणि तो व्हिडिओ दौंडच्या बाहेर गेला नाही. म्हणजे ह्याने शेड पेटताना पाहिली नाही. ह्याने पडदा पाहिला.”

“मग खोटं का बोलला?” आप्पांनी विचारलं.

“मी म्हणालो, बघणारा माणूस मिळाला नाही तर बिरदेव सुटेल. बिरदेव सुटला की मी दुसरीकडे बघणार. ते ह्याला नको होतं. आता तुम्ही मला सांगा आप्पा, नवी मांडणी कधी बसवली?”

“बसवलीच न्हवती. म्हणूनच तर गिऱ्हाईक यायच्या आत कसं करायचं, अशी पंचाईत. भिंतीजवळ वेल्डिंग करायचं न्हाई, असं कोल्ड रूमवाल्यानं बजावलं हुतं. मी गोकुळला म्हटलं, बोल्ट मिळंपतुर थांब. ऱ्हाऊ दे तशीच.”

“त्या दिवशी मोटरीकडे पळताना बिरदेव त्या अँगलना दारात अडखळला. आगीनंतर ते खांबांवर उभे होते. मी स्वतः पाहिले, आणि माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. काल पुन्हा जाऊन बघितलं. वेल्डिंगचे टाके आहेत, बोल्ट नाहीत. आणि वेल्डिंगला लागते वीज. ती आली दुपार कलल्यावर. लाईट येताच बिरदेव मोटरीकडे पळाला, आणि त्याच लायनीवर कुणीतरी वेल्डिंग मशीन लावलं. टाका घातला की रंगुबाईचा बल्ब बारीक व्हायचा, बिरदेवची मोटर दम टाकायची. हात उचलला की पुन्हा जोर. मोटर जळेल या भीतीने बिरदेव तिथून हलला नाही. खेड्यात जन्म काढलेल्या माझ्यासारख्याला हे रंगुबाईच्या ओट्यावरच कळायला हवं होतं.”

त्यांनी हर्षदाला खूण केली. तिने लॅपटॉप उघडला, पण सर्जेरावांनी हात वर केला.

“थांबा. आधी ह्याला विचारतो. गोकुळ, मशीन कुणाचं?”

गोकुळने लॅपटॉपकडे पाहिलं, मग मामांकडे.

“कासुर्डीच्या दोस्ताचं,” गोकुळ शेवटी म्हणाला. “मामा, मला वाटलं, सकाळी तुमी याल आन् मांडणी लागलेली बघाल. तुमाला बरं वाटंल.”

“मग काय झालं?” सर्जेरावांनी विचारलं.

“शेवटचा टाका घातला, तवा भिंतीच्या फटीतनं धूर आला. बारीकच. मी वल्लं पोतं लावलं. थांबला. वाटलं, इझलं. मशीन गाडीवर बांधलं आन् गेलो.”

“दगडोबा आत आहे हे ठाऊक होतं?”





“खोकत हुता,” तो पुटपुटला. “उठवलं असतं तर त्यानं इचारलं असतं, जळका वास कशाचा येतोय. मामांना सांगितलं असतं त्यानं. म्हणून मी आवाज न करता गेलो.”

पोपटराव आप्पा उठले. भाच्याला मारतील असं हवालदाराला वाटलं, तो पुढे सरसावला. पण आप्पा चालत बिरदेवपाशी गेले आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसले. ते रडू लागले. बिरदेव गोंधळून उठायला लागला. मालक खाली आणि आपण बाकावर, हे त्याला सहन होईना.

गोकुळला हवालदार आत घेऊन गेला.

“बिरदेव, सुटलास तू,” सर्जेराव म्हणाले. “जा घरी.”

बिरदेव हलला नाही. कुशाबाईने त्याच्या खांद्याला हात लावला, तरी तो तसाच.

“पर साहेब, मला तर अजून तेच दिसतंय. स्टोवरनं वर चढताना.”

“ते तू पाहिलेलं नाहीस. तुला दाखवलं आम्ही.”

“तुमी म्हणताय म्हणून मी म्हणंन. आदी बी तसंच म्हटलं हुतं.” तो हर्षदाकडे वळला. “ताई, खरी आग हाय का तुमच्यापाशी?”

हर्षदाने सर्जेरावांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. तिने लॅपटॉप बिरदेवसमोर ठेवला.

काचेची शेड आली. पडवी अंधारी होती. कोल्ड रूमच्या भिंतीत एक तांबूस ठिपका उमटला आणि आतल्या आत सरकू लागला. मग भिंतीतून काळं काहीतरी बाहेर पडलं, छताला गेलं, खाली उतरलं. थोड्याच वेळात शेड काठोकाठ काळी झाली. पडवीतला स्टोव्ह अजून तसाच होता, थंड. आग तिथे सगळ्यांत शेवटी पोचली.

“पुन्ना लावा,” बिरदेव म्हणाला.

तिने पुन्हा लावलं. या वेळी तो फक्त पडवीकडे बघत होता.

“ह्यात दगडोबा कुठं हाय?”

हर्षदाने काळ्यावर बोट ठेवलं. “इथं. पण दिसत नाही.”

“न्हाईच दिसायचा. मी शिरलो तवा मला माझा हात दिसला न्हाई.” तो पुढे वाकला. “हां. असंच हुतं. हे मी बघितलंय.”

आणि मग, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, तो कुशाबाईच्या पदरात तोंड खुपसून मोठ्याने रडला. सर्जेराव उठून बाहेर कट्ट्यावर जाऊन बसले. त्यांना घरी जायचं होतं, पण तो शांत होईपर्यंत त्यांच्याने उठवलं नाही.